मागे लाल, बाजूला पिवळी

"हात नका लावू अजून. फळीला वारा लागू द्या," नागोराव म्हणाले. "ओल्यावर चिकटवली की महिन्याभरात सोलून येते."

पाण्याची टाकी बसवलेली ट्रॉली घेऊन आलेला माणूस एकसारखा घड्याळ बघत होता. आरटीओतल्या पासिंगची रांग सरकत होती आणि त्याच्यापुढे तीनच गाड्या उरल्या होत्या.

"काका, आत साहेबांनी बघितली की झालं. मग सुटली काय अन् राहिली काय."

"साहेब एकदाच बघतात. मागून येणारा रोज बघतो."

"मागून येणाऱ्यानं डोळे उघडे ठेवावेत की!"

एरवी नागोरावांनी यावर काहीतरी खोचक ऐकवलं असतं. पण गेल्या दसऱ्यापासून ते अशा बोलण्याला उत्तर देत नसत. त्यांनी फळीवर दोन बोटं फिरवली, कोरडी झाल्याची खात्री केली आणि लाल पट्टीचं भेंडोळं हातात घेतलं.

विश्रांतवाडीहून आळंदीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला त्यांची हातगाडी बावीस वर्षं उभी होती. सरकारी कागदात ज्याला परावर्तक पट्टी म्हणतात त्याला इथे सगळे रेडियमच म्हणत, आणि नागोराव म्हणजे रेडियमवाले काका. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी, नियम एवढाच. तो पाळायची त्यांची रीत मात्र स्वतःची होती. आधी साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं, मग स्पिरिट. पट्टीचे कोपरे कात्रीनं गोल करायचे, कारण टोकदार कोपरा आधी उचलतो. खिळा आला तर पट्टी त्याच्यावरून ओढून न्यायची नाही. कापायची आणि पलीकडून पुन्हा सुरू करायची. सगळ्यात शेवटी घरातलं जुनं लाटणं फिरवून आतली हवा काढायची. शेजारचे रेडियमवाले तेवढ्या वेळात तीन गाड्या उरकत. "काका गाडीला रेडियम नाही लावत, नातीला टिकली लावतात," असं ते हसून म्हणत.

पितृपंधरवडा असल्यामुळे त्या दिवशी नवी गाडी एकही नव्हती. पाण्याची ट्रॉली गेल्यावर नागोराव हात पुसत उठले, तर हातगाडीजवळ एक बाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या आसपास वय, चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. गाडी कुठे दिसेना.

"रेडियमचं काम करणारे नागोराव आपणच का?"

"होय. कुठली गाडी?"

"गाडी नाही." बाईंनी पिशवीतून एक कागद काढला. त्यावर एका फोटोची झेरॉक्स होती. काळपट, पण मधली आडवी पट्टी पांढरीशुभ्र उमटलेली. "ही तुम्ही लावलेली आहे का?"

नागोरावांना गाडीचा नंबर वाचायची गरज पडली नाही. गोल कापलेले कोपरे त्यांनी ओळखले.

"माझीच आहे."

"मी पूर्णिमा गजभिये. पोस्टात असते. आम्रपाली माझी मुलगी."

नागोरावांना ते नाव माहीत नव्हतं. पण ही कुणाची आई ते त्यांना कळलं. अकरा महिने, ते राहत त्या गोदामात, तिला सगळे 'ती पोरगी' म्हणत होते.

बाई शांतपणे बोलत होत्या, काउंटरपलीकडच्या माणसाला नियम समजावून सांगावा तशा. "निकालाच्या कागदात लिहिलंय, 'वाहनाच्या मागील बाजूस नियमानुसार परावर्तक पट्टी होती. अपघात दुचाकीस्वाराच्या निष्काळजीपणामुळे झाला.' मला तो कागद पाठ झालाय. आम्रपाली गल्लीत कुणी नसलं तरी वळताना हात दाखवायची हो. मैत्रिणी हसायच्या तिला. म्हणून मला वाटलं, पट्टी त्या दिवशी नसेल. मालक लोक नंतर आणून चिकटवतात असं कुणीतरी म्हणालं."

"नंतर नाही लावली," नागोराव म्हणाले. "लावून सहा महिने झाले होते."

"म्हणजे त्या संध्याकाळी पट्टी होती?"

"होती."

हे खरं होतं. कुठल्याही देवळात त्यांनी तशी शपथ घेतली असती.

बाईंनी कागदाची नीट घडी घातली. "मग तिला दिसायला हवी होती," त्या म्हणाल्या. काही वेळ रांगेतल्या गाड्यांकडे बघत राहिल्या. "तिचे आजोबा माझ्याकडेच असतात. गाडी त्यांनीच घेऊन दिली होती तिला, हट्टानं. हा कागद वाचल्यापासून ते तिच्या फोटोकडे बघत नाहीत. म्हणतात, पोरीनं समोर बघून चालवायचं होतं. मला तेवढं एक त्यांना खोटं करून दाखवायचं होतं. असो."

पोस्टाच्या एका जुन्या पावतीच्या मागे त्यांनी आपला पत्ता आणि नंबर लिहून दिला. "काही आठवलं तर."

नागोरावांना आठवायचं काहीच नव्हतं. विसरायचं होतं, ते जमत नव्हतं.

---

नागोराव आणि मुक्ताई धानोरीच्या बाजूला बजरंग मंडपवाल्याच्या गोदामामागच्या खोलीत राहत. मुलगी लग्न होऊन नांदेडला गेलेली. खोलीच्या बदल्यात गोदामाची राखण करायची, आणि बजरंगच्या गाड्यांचं रेडियम नागोरावांनी बघायचं, असं ठरलेलं. बजरंगची आई गेल्यापासून खंडेनवमीच्या पूजेचं कामही मुक्ताईंकडे आलं होतं. गोदामातले बांबू, शिड्या, हातोडे, टेंपो आणि जनरेटरची ट्रॉली, सगळ्यांना हळदकुंकू त्यांच्या हातचं.

मुक्ताईंचा आवाज इतका हळू की शेजारच्या बायका त्यांना सांगत, "मुक्ताबाई, तुमची आरती देवालासुद्धा कान देऊन ऐकावी लागत असेल." पण हाताला उरक मोठा. गेल्या वर्षी त्यांनी पहाटे उठून मार्केटयार्डातून आणलेली झेंडूची सगळी फुलं ओवली होती. एकसरी माळ गाडीला बोडकी दिसते, म्हणून दुहेरी ओवली, मधे आंब्याची पानं घातली. ट्रॉलीच्या मागच्या फळीला ताडपत्री बांधायचे आकडे होते. माळ त्यांनी या टोकाच्या आकड्यापासून त्या टोकाच्या आकड्यापर्यंत ताणून बांधली आणि वाऱ्यानं लोंबू नये म्हणून मधेही सुतळीचे दोन फेरे दिले. टेंपोवरच्या गेनबाला बजावलं, "दसऱ्याची माळ आपण होऊन तोडायची नाही हं. सुकून गळू द्यायची."

"न्हाई तोडत, काकू. देवाचं हाय ते," गेनबा म्हणाला होता.

आकडे ज्या ओळीत होते त्याच्या बोटभर खाली लाल पट्टी होती.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी गेनबानं एका मंगल कार्यालयाजवळ रस्त्याच्या कडेला ट्रॉली सोडली आणि राहिलेलं सामान आणायला टेंपो घेऊन तो गोदामाकडे निघाला. त्या पट्ट्यातले रस्त्याचे दिवे बंद होते. सव्वासात वाजता बजरंगला फोन आला. तो मोटरसायकलवर निघाला तेव्हा नागोराव मागे बसले. गाडीचं काम त्यांचं, म्हणून.

ते पोचले तेव्हा मुलीला रिक्षातून दवाखान्यात नेलं होतं. स्कूटर आडवी पडलेली. तिचं पांढरं हेल्मेट कुणीतरी उचलून दुभाजकावर ठेवलेलं. दसरा हा गजभिये कुटुंबाचा धम्मदीक्षेचा दिवस, विहारातून वंदना करून ती घरी निघाली होती, हे नागोरावांना फार नंतर कळलं. त्या क्षणी त्यांच्या मनात एकच विचार आला, आणि त्या विचाराची लाज त्यांना पुढे रोज वाटली. ते मुलीकडे नाही, स्कूटरकडे नाही, सरळ ट्रॉलीच्या मागे गेले. माझी पट्टी सुटली तर नव्हती?

माळ मधे चेंगरली होती, पण दोन्ही बाजूंनी घट्ट होती. त्यांनी ती हातानं वर उचलली. तेवढ्यात मागून बस आली आणि तिच्या उजेडात लाल पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पेटल्यासारखी झाली. एक कोपरा उचललेला नव्हता. नागोरावांना हायसं वाटलं. मग त्यांनी हात खाली घेतला, माळ जागेवर बसली, आणि पट्टी दिसेनाशी झाली. दुसरी गाडी आली, गेली. फळी काळीच राहिली.

"पट्टी आहे ना?" बजरंगनं पाठीमागून विचारलं.

"आहे."

"मग ते फुलांचं काढा आधी. पोलीस येतायत."

त्यांनी सुतळी तोडली. फुलं पायदळी येऊ नयेत म्हणून माळ पिशवीत भरली. पोलिसांनी फोटो काढले तेव्हा पट्टी अशी झळकली की हवालदार म्हणाला, "रेडियम तर नवं दिसतंय." पट्टी आपणच लावल्याचा जबाब नागोरावांनी तिथेच दिला.

सकाळी नागोरावांनी ती पिशवी नदीवर नेऊन निर्माल्यात टाकली. मुक्ताईंना सांगितलं, माळ सुकली होती, काढली. त्या म्हणाल्या, "बरं केलंत. पायदळी नको."

त्यानंतर मुक्ताईंनी एक नेम धरला. एक वर्ष गोड खायचं नाही, आणि रोज तिन्हीसांजेला एक जादा वात लावायची, त्या पोरीच्या नावाची. नाव माहीत नव्हतं, म्हणून "त्या लेकराला चांगली गती दे, तिच्या आईला बळ दे" एवढंच म्हणायचं. रोज संध्याकाळी नागोराव खाटेवर बसून ती दुसरी वात बघत. एकदोनदा ओठावर आलं. पण समोर ती डोळे मिटून बसलेली असे, आणि सांगितलं की त्या वातीचं काय होईल हे त्यांना कळत होतं. ते उठून बाहेर जाऊन बसत.

पोस्टातल्या बाई येऊन गेल्या त्या दिवशीही त्यांनी सांगितलं नाही. पावती पाकिटात ठेवून दिली.

---

खंडेनवमीच्या सकाळी गोदामाच्या अंगणात बजरंगच्या तीन ट्रॉल्या ओळीनं उभ्या होत्या. दोन या वर्षीच्या नव्या. जुनीची मागची फळी ठोकून सरळ केलेली आणि तिच्यावर नागोरावांनीच नवी पट्टी लावलेली. ताडपत्रीचे आकडे मात्र तिथेच होते.

मुक्ताई टोपली घेऊन आल्या. पुढे कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांपाशी नारळ वाढवला. मग माळेचं एक टोक धरून ट्रॉलीच्या मागे गेल्या.

"मागं नको," नागोराव म्हणाले.

"काय?"

"माळ पुढं घाल. मागं नको."

"अहो, पुढं टेंपो जोडतात, तिथं चिरडते. दरवर्षी मागंच घालते की मी."

"या वर्षीपासून नको."

मुक्ताईंनी माळ आकड्याला अडकवली होती. त्या हसल्या. "असं काय करता? काय होतं मागं घातली तर?"

"रेडियम झाकतं."

बोलून गेले, आणि मग त्यांना आपलेच शब्द ऐकू आले. मुक्ताई माळेकडे बघत होत्या. मग त्यांनी माळ दोन्ही हातांनी ताणून फळीवर धरली, दरवर्षी धरत तशी. खाली बघितलं. माळ बाजूला केली, पट्टी बघितली. पुन्हा धरली. एखादी शिवण उसवतेय का बघावं तशा त्या दोनतीनदा हेच करत राहिल्या.

"गेल्या वर्षी मी दुहेरी ओवली होती," त्या म्हणाल्या.

त्या नागोरावांकडे वळल्या.

"तुम्ही म्हणालात, सुकली होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडू सुकत नाही हो."

"मुक्ते..."

"तुम्हाला तेव्हापासून माहीत आहे?"

त्यांनी मान हलवली.

"आणि मी रोज तुमच्या समोर बसून..." पुढचं वाक्य त्यांनी केलं नाही. माळ आकड्यावरून सोडवली, टोपलीत ठेवली आणि अंगणात मधोमध खाली बसल्या. रडल्या नाहीत. नागोराव जवळ जाऊन उभे राहिले, पण खांद्याला हात लावायचं धाडस त्यांना झालं नाही.

मुक्ताईंनी विचारलं, "त्या पोरीचं नाव तरी ठाऊक आहे का तुम्हाला?"

"आम्रपाली. आई आली होती माझ्याकडे, पितृपंधरवड्यात." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं; फोटो, कागदातलं ते वाक्य, फोटोकडे न बघणारे आजोबा.

"तुम्ही काय सांगितलंत तिला?"

"पट्टी होती म्हणून."

"खरंच सांगितलंत," मुक्ताई म्हणाल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्या कधी टोचून बोलल्या नव्हत्या.

बजरंग तेवढ्यात नवी शर्टपँट घालून, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन आला. "काकू, झाली का पूजा? अरे, मागच्या बाजूला काहीच नाही? या वर्षी काटकसर का?"

"बजरंग, गेल्या वर्षी माझ्या माळेनं पट्टी झाकली होती. ती मुलगी त्यामुळं गेली."

बजरंगनं आधी नागोरावांकडे बघितलं. मग पुडा ट्रॉलीवर ठेवला. "काका, वर्षभर पोटात ठेवलंत ते आजच सणाचं बाहेर काढायचं होतं का?"

"आम्ही चौकीत जाऊन सांगणार आहोत," मुक्ताई म्हणाल्या.

"काय सांगणार? झेंडूनं धडक दिली? काकू, फुलांवर गुन्हा दाखल होत नाही. अख्ख्या पुण्यात आज प्रत्येक गाडीला माळ आहे. सगळ्यांना आत टाकायचं? आणि पट्टी होती हे कागदावर आलंय. सरकारी कागदावर."

"त्या कागदात पोरीला बेसावध म्हटलंय रे."

"मग? ती आता वाचायला येणार आहे का?" म्हणाला आणि स्वतःच क्षणभर ओशाळला. पण मागे हटला नाही. "हे बघा, कंपन्यांच्या गेटवर माझ्या गाड्यांचे कागद बघतात, एक डाग लागला की काम गेलं. आईच्या जागी मानतो मी तुम्हाला, म्हणून स्पष्ट सांगतो. तोंड उघडायचं असेल तर आधी खोली मोकळी करा."

"दिवाळीपर्यंत चालेल का?" मुक्ताईंनी विचारलं.

बजरंग पुडा उचलून निघून गेला.

---

चौकीत एक वयस्क हवालदार होते. त्यांनी दोघांना बाकावर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, माळ कुठंय?"

"नदीत," नागोराव म्हणाले.

"फोटोत माळ नाही."

"मी काढली."

"का?"

"पट्टी आहे का बघायला उचलली होती. मग काढली."

हवालदारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "काका, मी लिहून घेतो. पण मग तुम्ही पुरावा नाहीसा केला असंही लिहावं लागेल."

"लिहा."

"लिहीन हो. पण ऐका. प्रकरण निकाली निघून वर गेलंय. ते पुन्हा उघडायचं तर वकील पाहिजे, अर्ज पाहिजे. तिथे विचारतील, माळ होती याला साक्ष कोण? तुम्ही दोघं नवराबायको. आणि पट्टी होती, चांगली होती, याला साक्ष कोण? तेही तुम्हीच. तुमचा जबाब आहे ना मागचा? तुमचंच काम तुमच्या आडवं येणार." ते थोडं थांबले. "त्या कागदातला शब्द बदलेल अशी आशा ठेवू नका."

त्यांनी जबाब लिहून घेतला. खाली नागोरावांनी सही केली, मुक्ताईंनी केली. बाहेर आल्यावर मुक्ताई म्हणाल्या, "पत्ता आहे ना तुमच्याकडे?"

"आहे."

"उद्या सकाळी जायचं."

"उद्या दसरा. त्यांचा तो दिवस... वर्षाचा दिवस आहे, मुक्ते."

"म्हणूनच."

---

पूर्णिमाबाईंचं घर विश्रांतवाडीतल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. जिना अरुंद, लिफ्ट नाही. त्यांनी दार उघडलं तेव्हा त्या पांढरी साडी नेसून तयार होत्या. नागोरावांना ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला.

"आठवलं का काही?"

"ही माझी बायको," नागोराव म्हणाले, आणि बाजूला सरकले.

मुक्ताईंनी हात जोडले आणि सांगितलं. माळ, आकडे, दोन फेरे, सुतळी. गेनबाला बजावलं ते. नागोरावांनी माळ तोडली ते. चौकीतल्या हवालदारांनी सांगितलं ते. काही वगळलं नाही, क्षमा मागितली नाही. ती मागायचा आपला हक्क नाही असं त्यांना वाटत असावं.

पूर्णिमाबाई चौकटीला धरून ऐकत होत्या. मग त्यांनी नागोरावांकडे बघितलं. "मी विचारलं होतं तुम्हाला."

"तुम्ही पट्टी होती का, असं विचारलंत."

"हो," त्या म्हणाल्या. "मी तेवढंच विचारलं."

खालून कुणाच्या तरी घरातून टीव्हीचा आवाज येत होता. पूर्णिमाबाई दारातून बाजूला झाल्या. "आत या. हे बाबांना सांगा."

आत बुद्धांची मूर्ती होती, समोर मेणबत्त्या. शेजारच्या भिंतीवर आम्रपालीचा फोटो. आजोबा पांढरा सदरा घालून खुर्चीत बसले होते. खुर्ची फोटोकडे पाठ करून ठेवलेली. त्यांनी पाहुण्यांकडे बघून मान डोलावली.

मुक्ताई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि बोलल्या.

"काय म्हणून राहिल्या ह्या?" म्हाताऱ्यानं सुनेला विचारलं.

"त्यांना ऐकू कमी येतं," पूर्णिमाबाई म्हणाल्या. "मोठ्यानं सांगा."

मुक्ताईंनी पुन्हा सांगितलं. म्हाताऱ्यानं कानामागे हात धरला आणि नकारार्थी मान हलवली. नागोराव पुढे झाले, "मी सांगतो..."

"नाही," पूर्णिमाबाई म्हणाल्या. "यांनाच सांगू द्या."

मुक्ताईंनी पदर कंबरेला खोचला, जड काही उचलण्याआधी बायका खोचतात तसा. आणि मग नागोरावांनी तो आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

"गाडीच्या मागं माळ मी बांधली होती! माझ्या माळेनं पट्टी झाकली होती! तुमच्या नातीला गाडी दिसलीच नाही! तिची चूक नव्हती!"

समोरच्या घराचं दार उघडलं. वरच्या जिन्यात कुणीतरी थांबलं. मुक्ताईंच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. श्वास घेऊन त्यांनी शेवटचं वाक्य पुन्हा म्हटलं, तितक्याच मोठ्यानं.

म्हाताऱ्यानं कानामागचा हात खाली घेतला.

"झाकून होतं?"

"हो, बाबा," पूर्णिमाबाई म्हणाल्या.

"म्हणजे तिले दिसलंच नाही."

"नाही दिसलं."

"मी वर्षभर पोरीले बोल लावला," म्हातारा म्हणाला. मग मान वर करून मुक्ताईंना विचारलं, "पूजा केली होती तुम्ही?"

"होय."

पूर्णिमाबाईंनी पाणी विचारलं नाही, बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. त्यांनी मेणबत्त्यांची पेटी आणि फुलं पिशवीत घातली. "वेळ झाली, बाबा. विहारात जायचं ना?" म्हातारा खुर्चीच्या दांड्यांवर जोर देऊन उठला. फोटोकडे वळला. तिथे नेमकं काय झालं हे नागोरावांनी पाहिलं नाही. त्यांनी नजर खाली घातली होती.

सगळे बाहेर आले. पूर्णिमाबाईंनी कुलूप लावलं आणि सासऱ्यांचं कोपर धरलं. म्हातारा एका पायरीवर दोन्ही पाय आणायचा, मग कठडा चाचपायचा, मग पुढची पायरी. जिना अरुंद होता. त्यांना ओलांडून पुढे जायला जागा नव्हती, आणि असती तरी कसं जायचं ते या दोघांना कळलं नसतं. ते मागून उतरू लागले.

दुसऱ्या मजल्यावर म्हातारा दम घ्यायला थांबला. पूर्णिमाबाई थांबल्या. कुणी मागे वळून बघितलं नाही. चार पायऱ्या वर, भिंतीला पाठ लावून, नागोराव आणि मुक्ताई थांबले. म्हाताऱ्यानं पुन्हा कठडा धरला. एक पायरी गेली, दुसरी गेली. मधे चार पायऱ्या होतील इतका वेळ थांबून मुक्ताईंनी पाय उचलला.